पहिलं बाळंतपण नॉर्मल व्हावं म्हणून काय वाचावं, काय विचारावं आणि बाळाचं काय शिकून ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सातवा महिना लागलाय, पहिलीच वेळ. नोकरी पुण्यात, माहेर फलटणला. डोहाळजेवण झालं की आठव्यात माहेरी जायचं ठरलंय. बाळंतपण नॉर्मल व्हावं अशी इच्छा आहे. मोबाइलमध्ये दोन-तीन ॲप आहेत, मैत्रिणी रोज नवा व्हिडिओ पाठवतात, एक गर्भसंस्काराचा क्लास बराच महाग आहे. बाळाला नीट धरताही येत नाही. यातलं नेमकं काय घेऊ, काय सोडू?

तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते. सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून नोकरी झाली, आता गरोदर बायकांचे वर्ग घेते. तेव्हा पुस्तकातलं कमी आणि खाटेशेजारचं जास्त सांगेन.

तू विचारलंस, काय वाचू. वाच, जरूर वाच. पण तुझं बाळंतपण नॉर्मल होईल की नाही, हे तू किती वाचलंस यापेक्षा तू कुठे बाळंत होतेस आणि कळांच्या वेळी तुझ्याजवळ कोण असतं यावर जास्त ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघ. देशात शंभरात साधारण साडेएकवीस बाळंतपणं सिझेरियननं झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. आता खासगीतल्या सगळ्याच डॉक्टरांना कापायची घाई असते असा याचा अर्थ नाही. कुठे कोण जातं, कोण स्वतःहून सिझेरियन मागतं, रात्री भूलतज्ज्ञ मिळतो की नाही, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. तरी एवढी तफावत बायकांच्या हाडामांसात नसते, दवाखान्याच्या पद्धतीत असते. म्हणून व्हिडिओ नंतर बघ, आधी दवाखाना बघ.

इथे तुझी खरी अडचण माहेरची आहे. सगळी तपासणी पुण्यात आणि बाळंतपण फलटणला, म्हणजे ज्या डॉक्टरांनी तुला सहा महिने पाहिलं ते त्या दिवशी नसणार. आठव्यात जाऊन, सामान लावून, नवव्यात एकदा नाव नोंदवून यायचं, असं बहुतेक घरांत चालतं. तू तसं करू नकोस. एखाद्या शनिवारी फलटणला जा, जिथे बाळंत व्हायचं तिथल्या डॉक्टरांना आताच भेट. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखरेची तपासणी आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका फाइलमध्ये घालून ने. हे कार्ड अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात नोंदणी केली की मिळतं. त्यात तुझ्या तपासण्या, धोक्याच्या खुणा, बाळाचं वजन, लसी असं सगळं चित्रांसह असतं. विकतच्या कित्येक पुस्तकांपेक्षा ते कामाचं आहे. खासगीत तपासून घेणाऱ्या मुली ते घेतच नाहीत. घे.

डॉक्टरांना काय विचारायचं? "नॉर्मल होईल ना?" हा प्रश्न विचारू नकोस. त्याला सगळे "प्रयत्न करू" एवढंच म्हणतात, आणि प्रामाणिक डॉक्टरही दुसरं काही म्हणू शकत नाहीत. असं विचार: पहिलटकरणींपैकी तुमच्याकडे अंदाजे किती जणी नॉर्मल होतात? कळा सुरू असताना मला फिरता येईल का, पाणी आणि हलकं खाणं चालेल का? आई किंवा नवरा जवळ थांबू शकेल का? दिवस उलटले तर किती थांबता आणि थांबताना काय तपासता? बाळ बाहेर येताना खाली छेद देतात आणि मग टाके घालतात, तो छेद सगळ्यांना देता की गरज पडली तरच? बाळ झाल्यावर लगेच माझ्या अंगावर देता का? रात्री दोन वाजता सिझेरियन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून आणता, बाळाचे डॉक्टर कोण? शेवटचा प्रश्न नॉर्मलची इच्छा असणाऱ्या मुली हमखास विसरतात. वेळ आली तर सिझेरियनही नीट होईल अशा ठिकाणीच नॉर्मलची वाट निर्धास्तपणे बघता येते.

उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची रीत बघ. प्रश्न विचारल्याचा राग आला, "इंटरनेट वाचून येता तुम्ही" असं ऐकवलं, तर दुसरीकडे जायला तुझ्याकडे अजून वेळ आहे. सरकारी रुग्णालयाकडे नाक मुरडू नकोस. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात बाळंतपण, लागलं तर सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत असते. पैशाची ऐपत असलेल्यांनाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. खासगीत चालू असलेल्या उपचारांवर दुसरं मत हवं असेल तर ही जागा चांगली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५००० रुपये मिळतात का, हे आशाताईला किंवा अंगणवाडीताईला विचार. मात्र तू केंद्र किंवा राज्य सरकारच्या कायम नोकरीत असशील तर ते मिळत नाहीत.

आता कळांबद्दल. इथे थोडं रेंगाळते, कारण मुली घाबरतात त्या इथेच, आणि घाबरून लवकर येतात त्या पुढे अडकतात.

पहिलटकरणीला खऱ्या कळा लागण्याआधी कित्येक दिवस पोट कडक होणं, कंबर भरून येणं, अधूनमधून दुखणं चालू असतं. झोपलं, फिरलं, गरम पाण्यानं अंघोळ केली की हे कमी होतं. खऱ्या कळांना ठेका असतो. त्या जवळजवळ येत जातात, जोर वाढत जातो आणि काही केलं तरी थांबत नाहीत. साधारण दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायची वेळ झाली. दवाखाना लांब असेल तर त्याआधी निघ. चिकट, किंचित लालसर स्राव गेला म्हणून धावत सुटू नकोस, त्यानंतर कळा लागायला दिवस-दोन दिवसही लागतात. पण पाणी गेलं, विशेषतः हिरवट किंवा काळपट गेलं, तर कळा असोत नसोत, दवाखान्यात जा. ताजं लाल रक्त अंगावर जाऊ लागलं, बाळाचं हलणं कमी झालं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले किंवा झटका आला, तर घरात कुणाला विचारत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. गरोदर आणि बाळंतिणीसाठी १०२ ची गाडीही असते. दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आत्ताच घाल.

बाळाच्या हलण्याबद्दल एक सांगते. रोज एका ठरावीक वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून लक्ष दे. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली तर ठीक. रोज खेळणारं बाळ आज गप्प आहे असं वाटलं तर साखर खाऊन बघणं, गार पाणी पिऊन बघणं यात दिवस घालवू नकोस.

लेबर रूममध्ये "तोंड किती उघडलं" हा शब्द तुला सारखा ऐकू येईल. पिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडेपर्यंतचा प्रवास आहे तो. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की तासाला एक सेंटिमीटर उघडलं पाहिजे, नाहीतर काहीतरी करा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की हा नियम प्रत्येकीला लावू नये. खरा वेग पाच सेंटिमीटरनंतर धरायचा, आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळ दोघांचं ठीक असेल तर नुसतं हळू चाललंय हे सिझेरियनचं कारण होत नाही. दोन-तीन सेंटिमीटरवर दाखल होऊन खाटेवर आडवी झालेली मुलगी रात्रभर जागते आणि सकाळपर्यंत दमून जाते. घरी फिरत, पेज पीत, झोपत काढलेले ते पहिले तास सोन्यासारखे असतात. दवाखाना जवळ असेल आणि सगळं ठीक असेल तर फोनवर विचारून घरीच थांब.

कळ आली की काय करायचं, हे मात्र शिकावं लागतं, आणि ते वाचून येत नाही. नाकानं श्वास घे, तोंडानं सावकाश सोड. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. जबडा आणि खांदे सैल. ओरडावंसं वाटलं तर ओरड, पण आवाज खालच्या पट्टीत, घशातून नाही, पोटातून. पुढे वाकून खिडकीला, पलंगाला, नवऱ्याच्या गळ्याला टेक. कळ जिथे कमरेत बसते तिथे माकडहाडाच्या वरच्या भागावर कुणी तळहातानं जोरात दाबून धरलं तर निम्मा त्रास कमी झाल्यासारखं वाटतं. हे दाबणं नवऱ्याला आणि आईला आत्ताच शिकव, आणि रोज रात्री दहा मिनिटं सराव करा. पाठीवर उताणं पडून कळा सोसणं सगळ्यात अवघड. टेबलावर घेतलं तर डाव्या कुशीवर राहू द्या म्हणून सांग, बऱ्याच ठिकाणी ऐकतात.

जवळच्या माणसाबद्दल बोलते आहे तर हेही सांगते. कळांमध्ये सतत सोबत असली की नॉर्मल होण्याचं प्रमाण वाढतं, दुखण्याची औषधं कमी लागतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत जन्मसोबती ठेवायला परवानगी दिली. लेबर रूममध्ये इतर बायका असतात म्हणून ती सोबत बहुधा बाईमाणसाची लागते. प्रत्येकीला आडोसा असेल अशा ठिकाणी नवऱ्यालाही थांबू देता येतं. म्हणून कोण आत येणार ते आधी ठरव. आई फार रडणारी असेल तर आई नको. माझ्या अनुभवात मोठी जाऊ, मावशी, थोरली बहीण, जिला स्वतःचं बाळंतपण आठवतं आणि जी बडबड करत नाही, ती सगळ्यात बरी.

कळा सोसवल्या नाहीत तर पेनलेस घेण्यात कमीपणा नाही. पाठीत दिल्या जाणाऱ्या त्या औषधानं सिझेरियनची शक्यता वाढते असं लोक सांगतात, पण अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. तालुक्याच्या गावात ते मिळेलच असं मात्र धरून चालू नकोस, विचारून ठेव. आणि बाळ आडवं असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, रक्तदाब आवरत नसेल, बाळाचे ठोके घसरत असतील तर सिझेरियन हाच चांगला मार्ग आहे. टाके पडलेल्या आईनंही बाळाला तासाभरात छातीशी घेता येतं, फक्त तसं आधी सांगून ठेवावं लागतं.

नवव्या महिन्यात घरोघरी काही गोष्टी सुरू होतात, त्यांचा निकाल लावून टाकते. भरपूर तूप खाल्लं की बाळ घसरून येतं, असं नाही. तूप पोटात पचतं, पिशवीत जात नाही. वजन तेवढं वाढतं. आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल पिऊ नकोस. त्यानं जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि मुलगी थकून लेबर रूममध्ये येते. फरशी बसून पुसली की नॉर्मल होतं, हेही मी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले. बसून काम केलंस तर चांगलंच आहे, पण रोज अर्धा तास चालणं, आधार धरून उकिडवं बसणं, दोन्ही पायांचे तळवे जुळवून मांड्या मोकळ्या करणं, एवढं केलंस तरी पुरे. ३५ व्या आठवड्यापासून योनीमार्गाच्या खालच्या कडेचा हलका मसाज आठवड्यातून दोन-तीनदा केला तर पहिलटकरणींमध्ये टाक्यांची गरज कमी पडते. कसा करायचा ते डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून समजून घे, लाजू नकोस. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, कॅल्शियमबरोबर एकाच वेळी नाही आणि चहाबरोबर तर नाहीच. तुझं हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर त्याकडे सगळ्यात आधी लक्ष दे. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही भारी पडतो.

दिवस भरल्याची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवू नकोस. त्या नेमक्या तारखेला शंभरात जेमतेम चार-पाच बाळं येतात. पाहुण्यांना तारीख सांगताना पंधरवडा सांग, म्हणजे "अजून नाही का?" असे फोन कमी येतील.

आता क्लास आणि मोबाइल. गर्भसंस्काराच्या क्लासात शांत संगीत, प्राणायाम, आहार, चार गर्भवतींची ओळख असं काही मिळत असेल तर ते चांगलंच आहे. पण "आमच्याकडे नॉर्मलची खात्री", "बाळ हुशार होणार" असं लिहिलेलं असेल तर पैसे वाचव. क्लास निवडताना तीन गोष्टी विचार: कळांमध्ये कसं बसायचं-उठायचं याचा प्रत्यक्ष सराव आहे का, सोबत येणाऱ्या माणसाला बोलावतात का, आणि अंगावर पाजण्याचा तास आहे का. हे तिन्ही असेल तर महागही चालेल. नसेल तर फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयात सिस्टरना विचार, आणि पुण्यात मोठ्या दवाखान्यांत प्रसूतिपूर्व वर्ग चालतात ते बघ.

फोनवरच्या गोष्टींपैकी मी मुलींना मोजक्याच सांगते. किलकारी ही आरोग्य मंत्रालयाची मोफत सेवा आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला त्या आठवड्यापुरता छोटा निरोप फोनवर ऐकवते, २०२४ पासून मराठीतही. आशाताईकडे नोंदणी झाली की तोच नंबर त्यात जातो, म्हणून तुझा खरा नंबर दे, सासऱ्यांचा नको. अंगावर पाजण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले आरोग्याचे व्हिडिओ बघ. ते मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि बाळाचं तोंड स्तनावर नेमकं कसं लागायला हवं हे इतक्या बारकाईनं दाखवतात की मी वर्गातही तेच लावते. ग्लोबल हेल्थ मीडिया प्रोजेक्टचे व्हिडिओ तर आवाज बंद करूनही समजतात. याउलट ज्या ॲपमध्ये डब्यातल्या दुधाची, बाटल्यांची जाहिरात किंवा मोफत नमुने असतील ते काढून टाक. १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात आपल्याकडे बंद आहे, आणि जिथे ती मागल्या दारानं येते तिथल्या बाकीच्या सल्ल्यावरही भरवसा ठेवू नये. ग्रुपवरच्या भयकथा आठव्या महिन्यानंतर वाचू नकोस, एवढं ऐक.

बाळाचं बोलू. इथे मात्र शिकून ठेवलेलं लगेच उपयोगी पडतं, कारण पहिल्या तीन दिवसांत घरात दहा माणसं दहा गोष्टी सांगतात आणि बाळंतीण झोपेत असते.

बाळ झालं की पुसून थेट तुझ्या उघड्या छातीवर, वरून दुपटं. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर बाळाला वारेतलं रक्त मिळतं, पुढे लोह कमी पडत नाही. तासाभरात पाजायला घ्यायचं. पहिलं येतं ते घट्ट, पिवळसर चीक. ते थेंब थेंबच येतं आणि बाळाचं पोटही त्या वेळी तेवढंच असतं. ते पिळून टाकणं, मध चाटवणं, साखरेचं पाणी, गुटी यातलं काहीही नको. मधातून छोट्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने फक्त आईचं दूध, भर उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नाही. तुझ्या दुधात पाणी असतंच.

"अंगावर दूधच नाही" असं तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणणार. त्या वेळी बाळाचे लंगोट मोज. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, बाळ आठ ते बारा वेळा पीत असेल, काळी शी जाऊन पिवळी होत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतं आणि दहा-चौदा दिवसांत परत भरून येतं. पाजताना दुखत असेल तर बाळाचं तोंड नीट लागलेलं नाही. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा, असं हवं. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. दर वेळी पुन्हा लावायचा कंटाळा केला की चिरा पडतात, आणि मग बाटली घरात येते. आडगावच्या आज्या सांगतात तसं हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा खा, चवीला आणि अंगाला चांगलं आहे. पण दूध वाढतं ते बाळानं वारंवार ओढल्यानं. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी पद्धत काही घरांत आहे ती मोडून काढ.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासू लागल्या, त्याचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. माहेरच्या वस्तीतल्या आशाताईला तुझं नाव आठव्यातच कळव, नाहीतर तुझी नोंद पुण्यात आणि तू फलटणला, असं होऊन कुणीच येत नाही. ती आली की तिला दारातून चहा पाजून परत पाठवू नकोस. वजन करून घे, श्वास मोजून घे, बेंबी दाखव.

बेंबीला काहीही लावायचं नाही, तेल नाही, हळद नाही, राख तर नाहीच. कोरडी ठेवली की आठवडाभरात, कधी दोन आठवड्यांत पडते. पहिली अंघोळ निदान चोवीस तासांनंतर. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईला मान द्यायचा, पण काही गोष्टी आधीच सांगून ठेवायच्या. नवजात बाळाची छाती सुजल्यासारखी दिसते, मुलगा असो वा मुलगी. ती पिळायची नाही, त्यानं गळू होतो. मुलीच्या अंगावर पहिल्या आठवड्यात पांढरं किंवा थेंबभर लाल जातं, ते तुझ्याच संप्रेरकांमुळे असतं, घाबरायचं नाही. नाकात-कानात तेल नाही, डोळ्यांत काजळ नाही. टाळूवर तेल लावायचं तर लाव, पण त्यानं टाळू भरत नाही, ती आपली आपण भरते. कोळशाची शेगडी आणि धुरी बंद खोलीत कधीच नको. तो धूर बाळाच्या छातीत जातो, आणि बंद खोलीतला कोळशाचा वायू जीवही घेऊ शकतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं तुझ्या कमरेला, बाळाला नाही. झोपवायचं पाठीवर, घट्ट गादीवर. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तिची काही गरज नाही.

कावीळ बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी दिसते. पण पहिल्या चोवीस तासांत पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर उन्हात धरत बसू नकोस, दवाखान्यात ने. बाळ पीत नाही, सुस्त आहे, अंग गरम आहे किंवा उलट पोटही गार लागतंय, श्वास मिनिटाला साठच्या वर आहे किंवा छाती आत ओढली जातेय, झटके येताहेत, तर त्याच तासाला निघायचं. अशा आजारी नवजात बाळांसाठी सरकारी रुग्णालयांत विशेष कक्ष असतात. तुमच्या सर्वांत जवळचा कुठे आहे हे नवऱ्याला आत्ता शोधून ठेवायला सांग, ते काम त्याचं. जन्मतःच बीसीजी, पोलिओचा डोस, चोवीस तासांत हिपॅटायटिस बी आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं का ते घरी निघण्याआधी कार्डावर बघ. पुढच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या. व्हिटॅमिन डीचे थेंब बाळाचे डॉक्टर लिहून देतील.

आणि तू. तासात एक पॅड भिजत असेल, ताप आला, अंगावर घाण वासाचं जात असेल, पोटरी सुजून दुखत असेल, डोकं ठणकत असेल, तर बाळंतिणीचं असंच असतं असं म्हणू देऊ नकोस. रक्तदाबाचा धोका बाळंतपणानंतर सहा आठवडे राहतो. पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि जातं. दोन आठवड्यांनंतरही मन वर येत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, झोप मिळूनही येत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर बोल, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आईजवळही असू दे, कारण अशा वेळी तुला स्वतःला फोन करावासा वाटणार नाही.

दवाखान्याच्या पिशवीत फाइल, आधार कार्ड, धुऊन उन्हात वाळवलेली मऊ सुती जुनी लुगडी, बाळाची दोन-चार झबली-टोपरी, तुझे पुढून उघडणारे गाऊन आणि पॅड, एवढं भर. बाळंतविड्याचा बाकीचा पसारा नंतर घरी उघडा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखाना ती कळवतो, पण आईवडिलांच्या नावांचं शुद्धलेखन फॉर्मवरच तपासून घ्या, पुढे दुरुस्त करायला फार फेऱ्या पडतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तर ते वर्षभरात फी न भरता घालता येतं, बारशाची घाई त्यासाठी नको.